तिसरा घाणा आणि एच.आर.चं मशीन

"हे मशीन घेतल्यानं तुम्ही सुधारणार असाल, तर आधी म्हशीला पैंजण घालून बघू. छुमछुम चालायला लागली, तर घेऊ मशीन."

टेम्पो पेठ नाक्यावरून हमरस्त्याला लागला होता. आमचे एच.आर. स्टिअरिंग धरून समोर बघत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला, माझ्या नेहमीच्या जागेवर, मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते. पर्समध्ये माझ्या भिशीचे पैसे होते.

"व्हय," एच.आर. म्हणाले. "किणीच्या टोलनाक्यापाशी थांबू की. तिथं चहा बरा असतो."

टोमण्यावर चहा पाजणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. अलीकडं तर त्यांची ही कला फारच वाढली होती. मी काहीही बोलावं, त्यांनी मान डोलवावी आणि तिसरंच काहीतरी बोलावं. संत होत चाललेत म्हणावं, तर संतांना एवढ्या महागड्या मशीनचा मोह होत नसावा.

एच.आर. म्हणजे हिंदुराव. लग्नात मला मिळाले ते हिंदुराव. पण टेम्पोच्या काचेवर चमचमत्या अक्षरांत 'डीजे हिंदुराव' लिहिलं, तेव्हा लोकांना वाटायचं ग्रामपंचायतीची दवंडी आली. म्हणून मग 'डीजे एच.आर.'. कुणी अर्थ विचारला, तर मी 'हळदीचा राजा' म्हणून सांगायची. सांगताना तोंड वाकडं करायची, पण ते खोटं नव्हतं.

आमच्याकडं हळद लागण्याआधी घाणा भरतात. दोन मुसळं आंब्याच्या डहाळीनं एकत्र बांधायची, उखळात हळकुंडं टाकायची, आणि पाच सवाशिणींनी ओव्या म्हणत कांडायचं. पहिला घाणा गणरायाला, दुसरा कुळस्वामीला, तिसरा कुंकवाच्या धन्याला, असे पाच. पाचवा संपेपर्यंत मांडवात दुसरं काही वाजवायचं नाही. बाकीचे डीजेवाले त्या वेळात तंबाखू मळतात. एच.आर. तसे नव्हते. ते उखळापाशी येऊन उभे राहायचे, हाताची घडी घालून, मान तिरकी करून. मुसळाचा ठोका कानात भरून घ्यायचे. मग मशीनपाशी जायचे, आणि पाचव्या घाण्याचा शेवटचा ठोका पडायचा त्याच ठोक्यावर त्यांचा पहिला ढोल पडायचा. मुसळ कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं, कुणाला कळायचं नाही. मी शिवणकाम करते. शिवण न दिसता कापडाला कापड जोडणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला मी मुसळ धरून उभी होते, तेव्हा या माणसानं तशी शिवण घातली होती. त्यानंतर मी आईला सांगितलं, विचारून बघा, कुणाचा कोण आहे तो. त्या एका ठोक्याची शिक्षा मी सोळा वर्षं भोगत होते.

आणि त्याच माणसानं वैशाखात हौसा आत्तीच्या मांडवात घाणा मोडला.

हौसा आत्ती म्हणजे गावातली सगळ्यात जुनी गाणारी. तिच्या नातवाची हळद. भर दुपार, मांडवात कापडाची पिवळी सावली, पाच जणींत मीही मुसळाला. आत्तीनं ओवी उचलली:

*तिसरा गं माझा घाणा, चुड्याच्या धन्याला...*

दुसरी ओळ तिच्या ओठांवर होती, तेवढ्यात मागून ढाण्ण करून आठ स्पीकर एकदम सुटले. मुसळ हातातून निसटलं. हळकुंडं मांडवभर उडाली. आत्ती तशीच उभी. मधे लावलेला पडदा सारून बघते, तर त्या बाजूला आमचे एच.आर. हेडफोन डाव्या कानाला लावून, खुशाल मान डोलवत होते.

आत्तीनं आयुष्यात जेवढ्या ओव्या म्हटल्या, तेवढ्याच शिव्या तिनं त्या दिवशी म्हटल्या. चालीतच म्हटल्या, हे तिचं मोठेपण.

"बटण अडकलं," एच.आर. म्हणाले. "मिक्सर जुना झालाय. आपोआप सुटलं."

लोक म्हणाले, प्यालाय. ते पीत नाहीत. लोक म्हणाले, माजलाय. मलाही तसंच वाटत होतं. पण त्यांनी तो जुना मिक्सर दारोदार दाखवत फिरवला. हे बघा, हे बटण. हे अडकतं. बटण बिचारं त्यांच्या बोटाखाली लोण्यासारखं सरकत होतं.

तेव्हापासून घरात मशीनपुराण सुरू झालं. मोबाइलवर मशीन. कॅटलॉगात मशीन. शेजारच्या वाडीच्या रघुनाथाचा 'डीजे रॉकी' झाला होता आणि त्यानंही तेच घेतलं होतं म्हणे. गिऱ्हाइकांचे फोन मात्र वर्षभरापासून माझ्या गळ्यात पडले होते. "मला गोड बोलता येत न्हाई," हे त्यांचं कारण. मला येतं, हा शोध त्यांनी कधी लावला देव जाणे.

तशात तुळशीच्या लग्नानंतर सरपंचांच्या मुलाची हळद आमच्याकडं होती. सुपारी वैशाखाआधीची, म्हणून टिकली होती. सरपंचीणबाईंनी मला पिठाच्या गिरणीत गाठलं. "मालन, तुझ्या तोंडाकडं बघून ठेवलंय. पण घाणा मोडला, तर तुझ्या नवऱ्यानं पुन्हा कुणाच्या मांडवात पाय ठेवायचा न्हाई." असं झालं असतं, तर आमच्या टेम्पोत कांदे भरायला लागले असते. आणि टेम्पोपेक्षा मला माणसाची काळजी होती. गाणं काढून घेतलं, तर एच.आर.मध्ये नुसता हिंदुराव उरतो.

त्याच महिन्यात मला भिशी लागली. एच.आर.नी पैसे मागितले नाहीत. फक्त कॅटलॉग आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवला. तोही उघडा. तोही त्याच पानावर.

दुकान कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका माडीवर. आत थंडगार, काळंभोर, भिंतींना स्पंज. विक्रेता अभिनंदन नावाचा, केस उभे, बोलणं आडवंतिडवं. त्यानं पिवळ्या मऊ फडक्यानं मशीनवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. बाळंतिणीनं बाळ पुसावं तसा पुसत होता.

"दादा, याला मशीन म्हणू नका. हे इमोशन आहे."

"इमोशनला वॉरंटी किती?" मी विचारलं.

"दोन वर्षं, वहिनी."

"चांगलं आहे. लग्नाला तेवढीपण मिळत नाही."

अभिनंदन हसला. एच.आर. हसले नाहीत. ते मशीनकडं बघत होते. दोन गोल तबकड्या, मधे सरकती बटणं, आणि वर एक रुंद काच. त्या काचेत निळे-तांबडे डोंगर एकामागून एक सरकत होते.

"हे बघा वहिनी, हे गाणं. आता चालू आहे ते वरचं. पुढचं येणारं ते खालचं. प्रत्येक उंच टोक म्हणजे एक ठोका. वरच्या टोकाखाली खालचं टोक आणून ठेवायचं, की झालं. गाणं दिसतं यात!"

"दिसतं," एच.आर. म्हणाले. अगदी हळू. देवळात म्हणावं तसं.

"आणि हे बटण दाबलं, की ठोके स्वतःच जुळतात."

"स्वतःच जुळतात?" मी म्हणाले. "मग यांनी काय करायचं? फेटा बांधून उभं राहायचं?"

"दादांनी परफॉर्म करायचं, वहिनी."

किंमत त्यानं शेवटी सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्या घराला दोन खोल्या वाढल्या असत्या आणि वर वास्तुशांतीचं जेवण निघालं असतं. "पाण्याला जाऊन येतं का हे?" मी विचारलं. "दळण टाकतं?"

"वाजवून बघा ना दादा," अभिनंदन म्हणाला. "वाजवल्याशिवाय कळत नाही."

एच.आर. मशीनमागे उभे राहिले. सवयीनं हेडफोन डाव्या कानाला लावून खांद्यात दाबला. त्यांच्या धंद्याची रीत अशी, की एक गाणं स्पीकरवर चालू असतं, आणि पुढचं गाणं फक्त त्या हेडफोनमध्ये, फक्त त्यांच्या कानाला. तिथं ठोका जुळला, की मग ते लोकांसाठी सोडायचं. सोळा वर्षं तोच कान, तोच खांदा. त्या बाजूचा खांदा वर चढलाय त्यांचा. शर्ट शिवताना मला तिथं नेहमी कापड जास्त सोडावं लागतं.

पहिलं गाणं सुरू झालं. काळ्या खोलीत बास घुमला. मी किमतीची चिठ्ठी नीट वाचावी म्हणून मशीनच्या कडेनं वाकले. शून्यं मोजत होते. तेवढ्यात पर्सचा बंद कशात तरी अडकला आणि काहीतरी टप्पकन निघून आलं.

बघते तर हेडफोनची वायर. पिन माझ्या हातात.

मी "अगं बाई" म्हणून वर बघितलं. म्हटलं, आता ओरडणार.

एच.आर. मान डोलवत होते. डोळे काचेवर. बोटं सरकत्या बटणावर. खालचा डोंगर वरच्या डोंगराखाली अलगद आणून ठेवत होते. आणि चेहऱ्यावर असं सुख, की मला हेवा वाटावा.

"मालन!" ते म्हणाले. "काय येतंय गं कानात! लोण्यासारखं!"

वायर माझ्या हातात होती.

अभिनंदनला दिसलं. त्याचं तोंड उघडलं. मी बोट ओठांवर ठेवलं. त्यानं तोंड मिटलं, हातातलं फडकं मात्र तसंच हवेत राहिलं.

मी वळून त्यांच्या डाव्या बाजूला गेले. अगदी कानाशी. घरात बोलते तेवढ्याच आवाजात म्हणाले, "अहो. आपलं घर पेटलंय."

"व्हय की," एच.आर. म्हणाले. "एक नंबर आहे."

दुसरं गाणं त्यांनी बरोबर जागेवर सोडलं. शिवण दिसली नाही. अभिनंदन टाळ्या वाजवायला लागला, पण टाळ्यांचा ठोका चुकत होता. तो माझ्याकडं बघत होता. पोरगा चांगला होता. मी वायर परत भोकात घातली, आणि पुढची पाच-सहा मिनिटं एक शब्द बोलले नाही. माझ्या हयातीत एवढी गप्प मी फक्त भूल दिल्यावर राहिले होते.

"मग वहिनी?" अभिनंदननं हळूच विचारलं. विकायच्या आवाजात नव्हे.

"विचार करून सांगतो," मी म्हणाले. सगळ्या दुकानदारांना ठाऊक असलेलं वाक्य. त्यानं ते ऐकून पहिल्यांदाच कुणाला तरी नमस्कार केला असेल.

जिन्यात एच.आर. पुढं, मी मागं. त्यांच्या पाठीशी मी चार शब्द बोलले. पाठीनं उत्तर दिलं नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. दारात दूधवाला हाका मारून दमतो तो. गिऱ्हाइकांचे फोन. टीव्हीचा आवाज, ज्याच्यावरून शेजारच्या काकू भांडून गेल्या. आणि माझे टोमणे. वर्षभराचे, घासूनपुसून, धार लावून सोडलेले, एकाहून एक सरस टोमणे. ते सगळे कुठं गेले होते? वाऱ्यावर. मी आपली समजत होते, की हा माणूस मोठ्या मनाचा झालाय.

टेम्पो गल्लीत लावला होता. एच.आर. चावी हातात घेऊन बॉनेटपाशी थांबले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. समोर. तेव्हा ध्यानात आलं, हल्ली ते नेहमी समोर येऊनच बोलायचे. मला वाटायचं, उतारवयात प्रेम फुटलंय.

"गप्प का?" ते म्हणाले.

"गप्प आहे हे कळलं वाटतं?"

"तू बोलतीस तवा तुझी भुवई उडती. ही, डावी. दुकानात शेवटाला उडली न्हाई." जरा थांबून म्हणाले, "वायर निघाली होती काय?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. नंतर कानाखाली जरा थरथर आली. आधी आली नव्हती." ते टेम्पोच्या चाकाकडं बघायला लागले. "डावा गेलाय, मालन. दीड वर्ष झालं. नुसती शिट्टी वाजती आत. आधी मी स्पीकरच तपासत बसलो."

"आणि उजवा?"

"उजवा आहे. मांडवात सगळं एक होतं पर त्याला."

"आत्तीच्या मांडवात?"

"बायका दिसत न्हवत्या. पडदा लावला होता मधे. मला वाटलं, झाले पाच घाणे. अंदाजानं सोडलं." त्यांनी नाक पुसलं. "बटण चांगलं होतं."

"ते मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"ह्या मशीनमध्ये गाणं दिसतं, मालन. ऐकायची गरजच न्हाई. कुणाला कळणार न्हाई. तू बघितलंस न्हवं? तुला तरी कळलं का? वायर निघाली नसती तर?"

हे खरं होतं. इतकं सुंदर मशीन होतं ते, की नवरा दोन्ही कानांनी ठार बहिरा होईपर्यंत बायकोला पत्ता लागला नसता. आठ स्पीकरांच्या तोंडाशी ते असेच मान डोलवत उभे राहिले असते, उजवाही विझेपर्यंत. आणि मी बाजूला उभी राहून म्हणाले असते, बघा, पैसे वसूल झाले.

"गाणं दिसतं," मी म्हणाले. "पण आत्ती दिसती का त्यात? मुसळ दिसतं? सरपंचांच्या मांडवात पाच बाया कांडणार, त्यांचे डोंगर कुठल्या काचेत येणार आहेत?"

त्यांना ऐकू आलं होतं. मी समोर उभी होते.

"मग मी काय करू?" ते म्हणाले. "दुसरं काय येतंय मला?"

हा प्रश्न त्यांनी मशीनबद्दल विचारला असता, तर माझ्याकडं दहा उत्तरं होती. मला टोमणे येतात. हे येत नाही.

"चावी द्या," मी म्हणाले.

"काय?"

"चावी! आणि तिकडं बसा. माझ्या जागेवर. मी चालवते."

टेम्पो त्यांनीच मला शिकवला होता, खळ्यावर. लायसनही काढून दिलं होतं, तीन वर्षांपूर्वी, आणि ते मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं. खळ्याबाहेर मी कधी चालवला नव्हता. कोल्हापूरनं माझं काही वाईट केलेलं नव्हतं, पण मी स्टिअरिंगपाशी बसले. एच.आर. डावीकडं बसले. आणि त्यांचा उजवा कान, जेमतेम शाबूत असलेला तो, पहिल्यांदा माझ्या बाजूला आला.

मशीन आम्ही घेतलं नाही. अभिनंदनला मी दुसऱ्या दिवशी फोन करून तसं सांगितलं, तर त्यानं आपणहून एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. भिशीतले काही पैसे तिकडं गेले. डाव्याचं डॉक्टरांना काही करता आलं नाही. सरपंचांच्या हळदीला जुन्या मिक्सरमागे मी उभी राहिले, कानांत कापूस घालून. एच.आर. स्पीकरांपासून लांब, पडदा काढायला लावून, उखळापाशी. पाचव्या घाण्याचा शेवटचा ठोका पडताना त्यांनी हात खाली आणला आणि मी बटण सरकवलं. अर्धा ठोका उशीर झाला. हौसा आत्ती म्हणाली, "नवशिकी आहे, पर ऐकती तरी." गेली नऊ वर्षं टेम्पोवर तेच नाव आहे आणि मागे मीच असते. काचेवरचं 'एच.आर.' खरवडायला जास्त खर्च आला असता.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी मी टेम्पो गल्लीतून बाहेर काढला, दोनदा बंद पाडला, एका केळीवाल्याला वाचवला आणि हमरस्त्याला लागले. दुसऱ्या गिअरमध्ये.

"अहो," मी म्हणाले. "सकाळी काय बोलले होते, ऐकू आलं होतं का?"

"चहाचं म्हणत होतीस न्हवं?"

"म्हशीचं म्हणत होते. मशीननं तुम्ही सुधारणार असाल, तर आधी म्हशीला पैंजण घालून बघू."

एच.आर.नी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "घालू की. पर तुझी चाल बघून म्हैस म्हणायची, मला नको, हिलाच घाला."

दीड वर्षात माझ्या टोमण्याला पहिल्यांदा जागेवर उत्तर आलं. मला समोरचं जरा धूसर दिसायला लागलं. मी काच पुसली. काच स्वच्छ होती.

किणीचा टोलनाका मागं पडला. चहाला थांबायचं कुणालाच सुचलं नाही.

"मालन," ते म्हणाले. "त्या दिवशी आत्तीची कुठली ओळ मोडली मी?"

"तिसऱ्या घाण्याची."

"पुढची काय होती?"

मला गाडी चालवताना दुसरं काही करता येत नव्हतं. तरी मी म्हटली. त्यांच्या कानाकडं तोंड करून, नजर रस्त्यावर ठेवून, भसाड्या आवाजात:

*तिसरा गं माझा घाणा, चुड्याच्या धन्याला,*
*थांबू नको रे मुसळा, धनी उभा ऐकायला.*

एच.आर.नी मान तिरकी केली होती. उखळापाशी करायचे तशी. मी पुन्हा म्हटली. या वेळी ओळ संपता संपता त्यांनी समोरच्या पत्र्यावर बोटानं ठोका दिला. बरोबर जिथं मुसळ पडतं तिथं.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

मागं ट्रक, एसट्या, ट्रॉल्या तुंबल्या होत्या आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. एच.आर.ना ते ऐकू येत नव्हते, आणि मला ऐकायचे नव्हते.